काम करता करता लॉगआउट का होतं? सेशन टाइमआउटबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची छोटी टीम ठाण्यात, वागळे इस्टेटमध्ये बसते. गृहनिर्माण सोसायट्या, काही शाळांची कार्यालयं आणि तुर्भे-महापे भागातली गोदामं यांच्यासाठी ब्राउझरमध्ये चालणारं प्रशासनाचं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो आणि सांभाळतो. फोन घ्यायचं काम बहुतेक वेळा माझ्याकडे असतं. "ताई, पुन्हा बाहेर फेकलं" हे वाक्य मी रोज ऐकते. ऑगस्ट-सप्टेंबरात, वार्षिक सभेची ३० सप्टेंबरची मुदत अंगावर आली की हे फोन वाढतात, कारण तेव्हा हिशेबाच्या लांबलचक एंट्र्या सुरू असतात आणि एक एंट्री गेली तरी जीव जातो.

सुरुवातीचे प्रश्न रोज सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांचे आहेत, मधले सर्व्हर आणि कोड सांभाळणाऱ्यांचे. पण ही सीमा मी काटेकोर पाळलेली नाही. मॅनेजरला सर्व्हरचं थोडं कळलं आणि डेव्हलपरला सोसायटीच्या ऑफिसमधली दुपार कशी असते ते कळलं, तर निम्मे फोन येणारच नाहीत.

सेशन म्हणजे नेमकं काय?

देवळाबाहेर चप्पल स्टँडवर तुम्ही चपला देता आणि हातात नंबरचा बिल्ला घेता. परत आल्यावर स्टँडवाला तुमचा चेहरा आठवत बसत नाही, बिल्ला बघतो आणि त्या खणातल्या चपला काढून देतो. वेबसाइटचंही तसंच आहे. ब्राउझर आणि सर्व्हर ज्या एचटीटीपी पद्धतीने बोलतात, तिला मागचं काही लक्षात राहत नाही. प्रत्येक क्लिक तिच्या दृष्टीने नवा माणूस असतो. म्हणून लॉगिन झाल्यावर सर्व्हर एक लांब, अंदाज न बांधता येणारा क्रमांक तयार करतो आणि तो कुकीच्या, म्हणजे ब्राउझरने जपून ठेवायच्या छोट्या नोंदीच्या, रूपात तुमच्या ब्राउझरला देतो. हा तुमचा बिल्ला. तुम्ही कोण, कोणत्या सोसायटीचे, कोणते अधिकार आहेत, ही माहिती सर्व्हरवरच्या खणात राहते.

बराच वेळ बिल्ला घेऊन कोणी आलंच नाही, तर सर्व्हर तो खण रिकामा करतो. त्यालाच टाइमआउट म्हणतात. तुमच्या हातात बिल्ला असतो, पण तो दाखवल्यावर तिथे काहीच नसतं, म्हणून पुन्हा लॉगिनचं पान येतं.

मी सतत टाइप करत होतो, जागचा हललोसुद्धा नाही. तरी 'हालचाल नाही' म्हणून बाहेर कसं काढलं?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि हा विचारणाऱ्याचा राग अगदी रास्त आहे.

घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीच्या मॅनेजर काकांचा फोन मला अजून आठवतो. तिथे प्रत्येक फ्लॅटला पाण्याचा वेगळा मीटर आहे. वॉचमन महिन्याच्या शेवटी वहीत रीडिंग लिहून आणतो आणि काका ती सॉफ्टवेअरमध्ये भरतात. वहीच्या पानावर स्टीलची पट्टी ठेवायची, एक ओळ वाचायची, पाच आकडे टाइप करायचे, पट्टी एक ओळ खाली सरकवायची. असे १०४ फ्लॅट. मध्ये गेटवरून इंटरकॉम आला तर बसल्या जागी उत्तर द्यायचं. पाऊण तासाने त्यांनी शेवटचा आकडा टाकला, 'सेव्ह' दाबलं, आणि समोर लॉगिनचं पान आलं. पुन्हा आत गेल्यावर १०४ रिकामे रकाने. "ताई, मी पाणी प्यायलासुद्धा उठलो नाही हो," एवढंच ते म्हणाले.

काकांचं काहीच चुकलं नव्हतं. तुम्ही रकान्यात आकडे टाइप करता तेव्हा ते तुमच्याच कॉम्प्युटरवर, ब्राउझरमध्ये असतात. 'सेव्ह' दाबेपर्यंत सर्व्हरला त्यांचा पत्ताच नसतो. पाऊण तास सर्व्हरच्या बाजूने पूर्ण शांतता होती. तिथे मर्यादा ३० मिनिटांची होती, म्हणून तिसाव्या मिनिटाला त्याने खण रिकामा केला. पडद्यावर मात्र काहीच बदललं नाही, म्हणून काका पुढची १५ मिनिटं बंद झालेल्या दारासमोर काम करत राहिले.

ही चूक सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांची, म्हणजे आमची होती. त्या आठवड्यात आम्ही दोन गोष्टी केल्या. एक, कळ दाबली जात असेल किंवा माउस हलत असेल, तर ब्राउझर दर दोन-तीन मिनिटांनी सर्व्हरला एक छोटा निरोप पाठवतो: माणूस जागेवर आहे. दुसरी, लांब फॉर्ममधली माहिती थोड्या थोड्या वेळाने आपोआप ड्राफ्ट म्हणून जतन होते. पहिलीवर मी कधीच पूर्ण विसंबत नाही, कारण नेट मध्येच गेलं तर निरोप पोचत नाही. खरा आधार ड्राफ्टचा. माणसाने हाताने भरलेलं काम टाइमआउटमुळे जाता कामा नये, हे मी टीममध्ये हट्टाने सांगते. दार बंद होऊ दे, पण टेबलावरचे कागद जागेवर राहिले पाहिजेत.

मग वेळच वाढवून द्या ना. सकाळी लॉगिन केलं की संध्याकाळपर्यंत चालू राहू दे.

ही मागणी मला पूर्ण समजते, पण सोसायटीच्या ऑफिसमध्ये बसून बघा. तळमजल्यावर, पार्किंगला लागून दहा बाय बाराची खोली. दार दिवसभर उघडं. कुरिअरवाले, प्लंबर, भाडेकरार दाखवायला आलेले एजंट, लिफ्टची तक्रार घेऊन आलेले सभासद. टँकर आला की मॅनेजर चलनावर सही करायला गेटवर जातो आणि स्क्रीनवर २०३ क्रमांकाच्या फ्लॅटची थकबाकी, मालकाचा मोबाइल नंबर आणि भाडेकरूचा करार उघडा राहतो. टेबलाशी उभा असलेला कोणीही पावती रद्द करू शकतो, आणि ती मॅनेजरच्याच नावावर पडते. वार्षिक सभेत मग त्याला उत्तर द्यावं लागतं. टाइमआउट सभासदांच्या माहितीसाठी आहेच, पण त्याआधी तो त्या मॅनेजरच्या नावासाठी आहे.

२०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानेही लोकांची माहिती बाळगणाऱ्यावर ती सुरक्षित ठेवण्यासाठी वाजवी उपाय करण्याची जबाबदारी टाकली आहे. रिकाम्या खुर्चीसमोर दिवसभर उघडं पॅनेल हा वाजवी उपाय आहे, असं कोणालाही पटवून देता येणार नाही.

किती मिनिटं ठेवावी?

सगळ्यांना लागू पडेल असा एक आकडा नाही, पण अंदाज बांधायला चांगले आधार आहेत. वेब सुरक्षेवर काम करणारी ओवास्प ही संस्था जोखमीच्या कामांसाठी २ ते ५ मिनिटं आणि कमी जोखमीच्या कामांसाठी १५ ते ३० मिनिटं सुचवते. डेबिट-क्रेडिट कार्डांच्या माहितीला लागू असणाऱ्या पीसीआय डीएसएस नियमांमध्ये १५ मिनिटांहून जास्त वेळ हालचाल नसेल तर पुन्हा ओळख पटवायला सांगितलं आहे. अमेरिकेतल्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेच्या २०१७च्या मार्गदर्शिकेत ओळख पटवण्याच्या मधल्या पातळीसाठी ३० मिनिटं आणि सर्वांत कडक पातळीसाठी १५ मिनिटं होती.

आम्ही माणूस आणि जागा बघून ठरवतो. उघड्या ऑफिसातल्या मॅनेजरला १५ मिनिटं. घरून काम करणाऱ्या खजिनदाराला ३०. बँक खातं बदलणं, पावती रद्द करणं, नवा वापरकर्ता जोडणं, अशा कामांआधी सेशन ताजं असलं तरी पासवर्ड पुन्हा मागतो. फक्त नोटीस वाचायला येणाऱ्या सभासदाला मोबाइलवर दर १५ मिनिटांनी हाकलण्यात अर्थ नाही, त्याला जास्त वेळ दिला तरी चालतो. गोदामात तर एकाच कॉम्प्युटरवर शिफ्टमधली चार माणसं काम करतात. तिथे ५ मिनिटं ठेवली, पण पुन्हा आत येणं चार आकडी पिनवर आणलं. वेळ कमी करायचा तर परत येणंही सोपं करावं लागतं, नाहीतर लोक पासवर्ड चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवतात. मी स्वतः पाहिलंय.

मी दिवसभर काम करत होते, पाच मिनिटंसुद्धा थांबले नाही, तरी संध्याकाळी बाहेर पडले.

ती वेगळी मर्यादा. एक मर्यादा हालचाल नसण्याची, दुसरी एकूण वेळेची. दुसरी तुम्ही कितीही काम करत असलात तरी संपते. कोणी तुमचा बिल्ला चोरला आणि दर दहा मिनिटांनी वापरत राहिला, तर पहिली मर्यादा त्याला कधीच अडवणार नाही, म्हणून ही दुसरी लागते. दिवसभर ऑफिसात बसणाऱ्यांसाठी ओवास्प ४ ते ८ तास म्हणते, एनआयएसटीच्या २०१७च्या मार्गदर्शिकेत १२ तास होते. आम्ही १० ठेवले, कारण शाळेच्या कार्यालयात प्रवेशाच्या दिवसांत कामाचा दिवस तेवढा लांबतो.

सेटिंगमध्ये ६० मिनिटं लिहिली आहेत, पण लोक त्याच्या आधीच बाहेर पडतात. असं का?

कारण ६० हा आकडा लिहिण्याची जागा एकच नसते. जो सर्वांत लहान आकडा कुठेतरी लपून बसलेला असतो, तोच जिंकतो. या प्रश्नापायी मी कित्येक रात्री जागवल्या आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पीएचपी या वेबसाइट लिहिण्याच्या भाषेमध्ये सेशनच्या साफसफाईची मर्यादा मुळात १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटं असते. तुमच्या सॉफ्टवेअरने मनाशी ६० मिनिटं धरली तरी खालची पीएचपी २४ मिनिटांनंतर ती फाइल पुसायला मोकळी असते. डेटाबेस सांभाळायच्या पीएचपीमायअॅडमिन या साधनाची स्वतःची लॉगिन मर्यादाही १४४० सेकंदच आहे. ती एकटी वाढवली की ते तुम्हाला पीएचपीची मर्यादा लहान पडतेय असा इशारा देतं, तो वाचा. डेबियन आणि उबंटू या लिनक्सच्या प्रकारांवर आणखी एक गोम आहे. तिथे जुनी सेशन पुसण्याचं काम अर्ध्या तासाने चालणारी वेगळी स्क्रिप्ट करते आणि ती सर्व्हरच्या मुख्य सेटिंग फाइलमधला आकडा बघते. तुमच्या कोडमध्ये चालताना बदललेला आकडा तिला दिसतच नाही. म्हणून कोणी २५ मिनिटांनी बाहेर पडतो, कोणी ५० मिनिटांनी, आणि तक्रार कधीच जुळत नाही. यावर उपाय म्हणजे आपल्या सॉफ्टवेअरची सेशन वेगळ्या फोल्डरमध्ये किंवा रेडिसमध्ये (मेमरीत चालणाऱ्या वेगवान साठ्यात) ठेवणं आणि तिथली मुदत स्वतः सांभाळणं.

मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस या वेब सर्व्हरवर अॅप्लिकेशन पूल, म्हणजे सॉफ्टवेअर चालवणारा भाग, २० मिनिटं रिकामा राहिला की मुळातल्या सेटिंगप्रमाणे झोपी जातो. सेशन त्याच्या मेमरीत ठेवलेलं असेल, तर सगळ्यांचं एकदम जातं. लहान ऑफिसला हे जेवणाच्या सुट्टीनंतर जाणवतं: सगळे एकत्र डबा खायला जातात आणि परत आल्यावर सगळेच बाहेर. मायक्रोसॉफ्टच्याच एएसपी डॉट नेट या वेबसाइट बनवण्याच्या चौकटीतल्या लॉगिन कुकीचीही एक खोड आहे. प्रत्येक क्लिकला तिची मुदत वाढत नाही. निम्मा वेळ उलटून गेल्यावरच वाढते. मर्यादा ३० मिनिटांची, १० वाजता लॉगिन, १० वाजून १४ मिनिटांनी शेवटचा क्लिक: इथे मुदत वाढलीच नाही, म्हणून साडेदहालाच बाहेर. वापरणाऱ्याला ती १६ मिनिटंच वाटणार, आणि त्याचं खरं आहे.

जँगोमध्ये (पायथॉन भाषेत वेबसाइट बनवायची चौकट) याच्या उलट. मुळातली मुदत दोन आठवड्यांची, ती कोणीतरी ३० मिनिटांवर आणतो. पण सेशनमध्ये काही बदललं तरच जँगो ते पुन्हा जतन करतो, म्हणून लॉगिनपासून बरोब्बर ३० मिनिटांनी, काम चालू असताना, माणूस बाहेर. 'प्रत्येक विनंतीला जतन करा' ही सेटिंग चालू केली की प्रश्न सुटतो. जावावर चालणाऱ्या टॉमकॅट सर्व्हरची मुळातली मर्यादा ३० मिनिटं, पीएचपीतल्या लारावेल चौकटीची १२० मिनिटं, या दोघांनी मला फारसा त्रास दिलेला नाही.

एक गल्लत मात्र टाळा. एनजिनएक्स या पुढे बसलेल्या वेब सर्व्हरमधली ६० सेकंदांची मर्यादा सेशनची नसते. सर्व्हरच्या उत्तराची किती वेळ वाट बघायची, त्याची ती असते. वर्षभराचा अहवाल काढताना पान मध्येच पडलं, तर ते टाइमआउटच, पण वेगळं. तिथे सेशनचा आकडा वाढवून काही होणार नाही.

बाहेर काढण्याआधी इशारा का देत नाही?

द्यायलाच हवा. वेबसाइट सगळ्यांना, अपंगांनाही, वापरता यावी यासाठीचे जे डब्ल्यूसीएजी निकष आहेत, त्यांत २.२.१ क्रमांकाचा निकष नेमका याबद्दल आहे: वेळ संपण्याआधी सूचना द्यावी आणि साध्या कृतीने मुदत वाढवायला किमान २० सेकंद द्यावेत. २० सेकंद हा तळ झाला. आमच्याकडे कमिटीत सत्तरीचे खजिनदार आहेत, ते चष्मा शोधेपर्यंत २० सेकंद जातात. आम्ही दोन मिनिटं देतो. सूचना अशी: "तुम्ही जागेवर आहात का? २ मिनिटांत लॉगआउट होईल. भरलेली माहिती ड्राफ्टमध्ये सुरक्षित आहे." खाली एकच मोठं बटण, 'मी इथेच आहे'. स्क्रीन रीडर, म्हणजे पडदा वाचून दाखवणारं साधन, वापरणाऱ्याला ती सूचना ऐकू गेली पाहिजे. तिच्यामागे उलटी मोजणी दर सेकंदाला बोलत राहू नये, त्याने माणूस गोंधळतो.

घड्याळ लिहिताना डेव्हलपर नेहमी एकाच खड्ड्यात पडतात. 'अमुक सेकंदांनी सूचना दाखव' असं ब्राउझरला सांगून मोकळे होतात. पण जानेवारी २०२१मध्ये आलेल्या क्रोम ८८पासून, पाच मिनिटांहून जास्त वेळ मागे पडलेल्या टॅबमधली अशी घड्याळं मिनिटातून एकदाच तपासली जातात, आणि लॅपटॉपचं झाकण मिटलं की ती थांबतातच. ऐरोलीहून ट्रान्सहार्बरची गाडी पकडून ठाण्याला येऊन झाकण उघडलं, तर स्क्रीनवर मोजणी तिथेच गोठलेली आणि सर्व्हरवर सेशन केव्हाच संपलेलं. सेकंद मोजत बसण्यापेक्षा 'किती वाजता संपणार' ती वेळ लिहून ठेवावी, आणि टॅब पुन्हा समोर आला की खऱ्या घड्याळाशी ताडून बघावं. शंका असेल तर सर्व्हरलाच विचारावं. अंतिम शब्द कायम सर्व्हरचा. ब्राउझरमधलं घड्याळ कोणीही थांबवू शकतो.

एका टॅबमध्ये काम चालू होतं, दुसऱ्या टॅबने बाहेर काढलं.

दोन्ही टॅबकडे बिल्ला एकच असतो, पण प्रत्येक टॅब आपापलं घड्याळ चालवत असतो. मागे पडलेल्या टॅबला वाटतं माणूस निघून गेला आणि तो लॉगआउटची विनंती पाठवून मोकळा होतो. टॅबना एकमेकांशी बोलायला लावलं पाहिजे. ब्राउझरची ब्रॉडकास्ट चॅनेल ही सोय किंवा लोकल स्टोरेजमधला (ब्राउझरच्या स्वतःच्या साठ्यातला) बदल ऐकणं, दोन्ही चालतात. एका टॅबमध्ये हालचाल झाली की सगळ्यांची वेळ पुढे जावी. एका टॅबमध्ये लॉगआउट केलं की सगळीकडचा पडदा लगेच झाकला जावा.

आमच्या एका ऑफिसात कोणी कधीच लॉगआउट होत नाही. ते चांगलंच ना?

नाही. तिथे बहुधा डॅशबोर्ड उघडा असतो आणि तो दर मिनिटाला नवीन तक्रारींचा आकडा आणायला सर्व्हरकडे जातो. सर्व्हरला प्रत्येक विनंती हालचाल वाटते, म्हणून खुर्ची तीन तास रिकामी असली तरी सेशन जिवंत. पान आपोआप जी विनंती पाठवतं तिने मुदत वाढू नये, माणसाने केलेल्या कृतीनेच वाढावी. अशा विनंत्यांवर वेगळी खूण करा आणि सर्व्हरवर ती खूण ओळखून मुदत जशीच्या तशी ठेवा. वरच्या काकांच्या गोष्टीतली चूक आणि ही चूक एकमेकींच्या बरोबर उलट आहेत, आणि पुष्कळ सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही एकाच वेळी नांदतात.

लॉगिनचं पान येतच नाही, नुसतं 'काहीतरी चुकलं' असं येतं किंवा यादी रिकामी दिसते.

सेशन संपल्यावर सर्व्हर ब्राउझरला लॉगिनच्या पानाकडे वळवतो. पूर्ण पान मागितलं असेल तर ते ठीक. पण हल्ली पानाचा एखादा तुकडाच मागवला जातो. तिथे कोडला जेसॉन, म्हणजे नुसती माहिती, हवी असते आणि हातात लॉगिनच्या पानाचं एचटीएमएल, म्हणजे अख्ख्या पानाचा मजकूर, पडतं, तेही २०० म्हणजे 'सगळं ठीक' या शिक्क्यासह. कोड गडबडतो आणि मॅनेजरला रिकामी यादी दिसते. एकदा एका मॅनेजरला वाटलं की थकबाकीदारांची नावंच उडाली, आणि त्यांनी चेअरमनना फोनही लावला होता. तुकड्याच्या विनंतीला वळवू नका, ४०१, म्हणजे 'लॉगिन नाही', हे उत्तर द्या आणि ते दिसलं की पानावरच लॉगिनची छोटी चौकट उघडा. वर्डप्रेसने २०१३मध्ये, ३.६ आवृत्तीत हे केलं: लिहीत असताना लॉगिन संपलं तर लेखावरच चौकट येते, पासवर्ड टाकला की लेख जिथल्या तिथे. लारावेलमध्ये 'पेज एक्स्पायर्ड' आणि ४१९ हा आकडा दिसला, तर तेही बहुतेकदा याच कुळातलं: फॉर्म खरंच तुमच्याच पानावरून आला हे ओळखायचं सुरक्षेचं टोकन सेशनबरोबर गेलेलं असतं.

ड्राफ्ट कुठे ठेवावा, ब्राउझरमध्ये की सर्व्हरवर?

शक्य तिथे सर्व्हरवर, त्या वापरकर्त्याच्या नावाखाली. ब्राउझरमध्ये ठेवणं सोपं पडतं, पण सोसायटीचा कॉम्प्युटर एकट्याचा नसतो. दुपारी मॅनेजर, संध्याकाळी सेक्रेटरी, रविवारी कोणाचा तरी मुलगा प्रिंट काढायला. सभासदांचे नंबर लोकल स्टोरेजमध्ये उघडे पडून राहायला नकोत. मीटर रीडिंगसारखी साधी आकडेवारी असेल आणि नेट सारखं जात असेल, तर ब्राउझरमध्ये ठेवायला माझी हरकत नाही.

आणि पुन्हा लॉगिन झाल्यावर माणूस त्याच पानावर परत आला पाहिजे, पण आधी खात्री करा की हा तोच माणूस आहे. मॅनेजरच्या जागी सेक्रेटरीने लॉगिन केलं आणि मॅनेजरचं अर्धवट व्हाउचर त्यांच्या नावावर जतन झालं, तर हिशेबात जो घोळ होतो तो निस्तरायला ऑडिटर बसवावा लागतो.

'मला लक्षात ठेवा' वर टिक करू का?

स्वतःच्या मोबाइलवर किंवा घरच्या लॅपटॉपवर, हो. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर, नाही. ब्राउझर बंद केला म्हणजे लॉगआउट झालं, असंही धरू नका. क्रोममध्ये 'जिथे सोडलं तिथून सुरू करा' चालू असेल तर तात्पुरती कुकीसुद्धा परत येते. लॉगआउटचं बटण दाबूनच उठा.

लॉगआउट केलं, पण मागे जाण्याचा बाण दाबला की जुनं पान दिसतं. कोणी बघू शकतं का?

बघू शकतं, बदल करू शकत नाही. ते पान ब्राउझरने स्वतःच्या आठवणीतून दाखवलेलं असतं. पण थकबाकीची यादी नुसती दिसणंही पुरे आहे. डेव्हलपरने अशा पानांना 'साठवू नका' हा हेडर (ब्राउझरला पानासोबत जाणारी सूचना) लावावा आणि पान पुन्हा दिसू लागताच सेशन तपासावं. लॉगआउट करताना सर्व्हरवरचं सेशन खरोखर नष्ट करावं. नुसती ब्राउझरमधली कुकी पुसून भागत नाही, कारण तिची नक्कल कोणाकडे असेल तर ती चालूच राहते.

लाईट गेली, किंवा नेट गेलं. तेव्हाही हेच होतं का?

नाही. सर्व्हर तुमच्या इमारतीत नाही, तो चालूच असतो. मर्यादेच्या आत परत आलात आणि मधल्या वेळेत ब्राउझर बंद पडून कुकी गेली नसेल, तर सेशन तसंच मिळतं.

कोण कधी बाहेर पडलं याची नोंद ठेवावी का?

ठेवाच, आणि कारणासह: स्वतः लॉगआउट केलं, हालचाल नव्हती, एकूण वेळ संपली, की अॅडमिनने काढलं. हे चार प्रकार वेगळे लिहिले नाहीत तर तक्रार आल्यावर नुसता अंदाज बांधत बसावं लागतं. सायबर सुरक्षेचं काम बघणाऱ्या सर्ट-इन या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांत लॉग १८० दिवस जपायला आणि सर्व्हरची घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवायला सांगितलं आहे. नोंदीत सेशनचा पूर्ण क्रमांक मात्र कधीही लिहू नका. लॉग वाचणाऱ्याच्या हातात तो बिल्लाच दिल्यासारखं होईल.

नवीन सेटिंग लावल्यावर तपासायचं कसं?

चाचणीच्या सर्व्हरवर मर्यादा ३ मिनिटांवर आणा. मग एका लांब फॉर्ममध्ये ५ मिनिटं नुसतं टाइप करत राहा आणि सेव्ह करा. दुसऱ्यांदा दोन टॅब उघडून एकातच काम करा. तिसऱ्यांदा लॅपटॉपचं झाकण मिटून चहा घेऊन या. चौथ्यांदा डॅशबोर्ड उघडा ठेवून निघून जा. शेवटी फॉर्म अर्धा भरून सेशन संपू द्या आणि दुसऱ्याच नावाने लॉगिन करा. तीन मिनिटांवर सगळं नीट चाललं की खरा आकडा लावून एकदा पूर्ण वेळ थांबून बघा, कारण पीएचपीची २४ मिनिटं आणि आयआयएसची २० मिनिटं तीन मिनिटांच्या चाचणीत सापडत नाहीत.

एंट्री भरली, 'सेव्ह' दाबलं आणि लॉगिनचं पान आलं. या क्षणी काय करू?

तो टॅब बंद करू नका आणि रिफ्रेश करू नका. आधी मागे जाण्याचा बाण एकदाच दाबा. पुष्कळदा भरलेला फॉर्म तसाच दिसतो. दिसला तर लगेच सेव्ह दाबू नका, मोबाइल काढा आणि स्क्रीनचे फोटो घ्या, खाली सरकवत सरकवत, शेवटच्या रकान्यापर्यंत. मग नवीन टॅबमध्ये लॉगिन करा आणि 'ड्राफ्ट' मध्ये बघा. तिथे असेल तर तोच उघडून सेव्ह करा. नसेल तर फोटोवरून भरा, आणि आम्हाला फोन करून वेळ सांगा: साधारण किती वाजता फॉर्म उघडला आणि किती वाजता सेव्ह दाबलं. त्या दोन वेळा मिळाल्या की नेमका कुठला आकडा आड आला ते आम्हाला लॉगमध्ये शोधता येतं. घोडबंदरच्या काकांनी दुसऱ्या दिवशी १०४ आकडे पुन्हा भरले, तेव्हा मी फोनवर त्यांच्यासोबत होते. ते वहीतून वाचत होते, मी भरत होते, आणि दर दहा फ्लॅटनंतर आम्ही सेव्ह दाबत होतो.